शिरीषकुमार आपला कोण लागतो?

गेल्या ९ सप्टेंबरला यावल तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत आम्ही फळ्यावर पाच नावं लिहिली होती. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. अभ्यासिका म्हणजे काय, तर विहाराच्या मागची एक खोली, दोन ट्यूबलाइट आणि स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तकं. संध्याकाळी पोरं आली. एकाने फळा वाचला आणि सरळ विचारलं, "सर, यात आपला कोण आहे?"

दुसरा त्याच्याही पुढे गेला. "आणि तेव्हा बाबासाहेब तर इंग्रजांच्या सरकारात होते ना? मोबाइलवर रोज कोणीतरी टाकतं."

आम्ही दोघांनाही गप्प केलं नाही. पहिला प्रश्न जातीच्या चष्म्यातून आलेला असला तरी तो चष्मा त्या पोराने घडवलेला नाही. दुसरा प्रश्न आपल्याला डिवचण्यासाठी दरवर्षी ऑगस्टमध्ये हमखास विचारला जातो. आपले लोक एक तर चिडतात, नाहीतर विषय बदलतात. या दोन्हीने उत्तर मिळत नाही. म्हणून हा लेख.

आधी घटना बघू. १९४२ साली नंदुरबार हे पश्चिम खानदेश जिल्ह्यातलं व्यापारी गाव होतं. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत गांधी, नेहरू, पटेल यांना अटक झाली. त्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या शाळकरी मुलामुलींनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. मिरवणुकीला बंदी होती. पोलिसांनी अडवलं, पोरं हटली नाहीत, आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावंही पूर्ण झालेलं नव्हतं. आजच्या हिशेबाने दहावी-अकरावीतला पोरगा. हातात झेंडा आणि तोंडात घोषणा, एवढाच त्याचा गुन्हा.

आता कोणी म्हणेल, गोळी पोलिसांनी झाडली, यात लष्कर कुठे आलं? इथेच नीट बघायला हवं. पोलिसाच्या बंदुकीमागे कोण उभं होतं?

१५ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे नंदुरबारच्या गोळीबाराच्या पंचवीस दिवस आधी, व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सरकारने सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या लष्करी अधिकाऱ्याने लेखी हुकूम द्यायचा आणि त्या हुकमावर शिपायाने माणूस मरेल इतपत बळ वापरायचं. पहारेकऱ्याने हटकल्यावर थांबला नाही, एवढं कारणही पुरे होतं. आणि नंतर त्या शिपायावर खटला भरायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागणार. चळवळ दडपण्यासाठी देशभर पन्नासहून जास्त पलटणी वापरल्या गेल्या. सरकारी आकड्यांतूनच हजारावर माणसं मारली गेल्याचं दिसतं.

विदर्भातल्या चिमूरला हे राज्य उघड्या रूपात दिसलं. १६ ऑगस्टला तिथे गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. चवताळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. हेही घडलं आणि तेही सांगितलंच पाहिजे. पण त्यानंतर गावात फौज उतरली आणि तिने घराघरात घुसून बायाबापड्यांवर जे अत्याचार केले, त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींना त्रेसष्ट दिवस उपोषण करावं लागलं. सरकारने काय केलं? त्या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली.

बंदुकीवर उभ्या असलेल्या राज्याची खूण नेमकी इथे सापडते. ते राज्य माणूस मारतं आणि मग मारल्याची बातमीही मारतं. चळवळीच्या बातम्या छापण्यावर ऑगस्टच्या सुरुवातीलाच बंधनं आली होती. 'हरिजन' बंद पडलं. खुद्द लिनलिथगोने ३१ ऑगस्टला चर्चिलला कळवलं की १८५७ नंतरच्या सर्वांत गंभीर बंडाला आपण तोंड देतो आहोत आणि त्याची व्याप्ती लष्करी सुरक्षेसाठी आपण जगापासून लपवून ठेवली आहे. राज्यकर्त्याचा हा कबुलीजबाबच आहे. आणि ही लपवाछपवी कोणी फोडली? बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी आणि त्यांच्या मित्रांनी. मुंबईत जागा बदलत बदलत त्यांनी २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत 'काँग्रेस रेडिओ' चालवला. वर्तमानपत्रं गप्प होती, तेव्हा चिमूरची हकिकत या पोरांच्या रेडिओवरून लोकांपर्यंत गेली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तेव्हा बाबासाहेब कुठे होते?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. जुलै १९४२ मध्ये त्यांनी मजूरमंत्री म्हणून सूत्रं घेतली. 'चले जाव'च्या मार्गाला त्यांनी जाहीर विरोध केला होता. १५ ऑगस्टचा वटहुकूम निघाला तेव्हा ते त्या मंडळाचे सदस्य होते, नंदुरबारला गोळी चालली तेव्हाही होते. हे आम्ही लपवत नाही. लपवायची गरज त्याला असते, ज्याने बाबासाहेबांचा देव केला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा किती कडक समाचार घेतला, तो ज्यांनी वाचला आहे त्यांना ही सूट नाही.

पण अर्धं सत्य सांगून थांबणाऱ्यांनाही सूट नाही. बाबासाहेब तिथे का गेले, हे समजायचं तर आपल्या खानदेशातूनच सुरुवात करू.

आमच्याच यावल तालुक्यात, फैजपूरला, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, अमळनेरचे साने गुरुजी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. नंदुरबार-अमळनेरच्या पोरांच्या मनात १९४२ ला जे पेटलं, त्याचं बी या मातीत पडलेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, आणि १९३७ च्या निवडणुकीत पूर्व खानदेशातून त्या पक्षाचे दौलतराव जाधव मुंबईच्या कायदेमंडळात गेले. म्हणजे खानदेशातून तेव्हा दोन वाटा निघत होत्या. एक म्हणत होती, आधी इंग्रज जाऊ दे. दुसरी विचारत होती, इंग्रज गेल्यावर गावच्या विहिरीवर राज्य कोणाचं?

दुसऱ्या वाटेवरच्या माणसाला बंदुकीचं राज्य नवीन नव्हतं. त्याच्या गावात बंदूक नसेल, पण काठी होती, बहिष्कार होता, गावकीचा हुकूम होता. मिरवणूक काढायला बंदी? आमच्या नवरदेवाला घोड्यावर बसायला बंदी होती. बोलायला बंदी? १९२० साली बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नावच 'मूकनायक' आहे. पैसे घेऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. इंग्रजांचा सेन्सॉर नंतर आला, आपल्यासाठी सेन्सॉर आधीपासूनच गावात बसलेला होता. लष्कराशीही आमचं नातं साधं नाही. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, ती पुन्हा मिळवायला पिढ्या झगडल्या. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा गावात सावली टाळली जाणाऱ्या घरातल्या पोराला अंगावर गणवेश मिळाला. ज्याला गणवेशाने पहिल्यांदा माणूस म्हणून उभं केलं, त्याला १९४२ चं साल नंदुरबारच्या चौकातून दिसलं तसंच दिसलं नसणार.

आणि जगात तेव्हा हिटलर होता, दाराशी जपान आला होता. नाझींचा विजय म्हणजे वंशाच्या उच्चनीचतेचा विजय, आणि त्यात मजुराला आणि अस्पृश्याला जागा नाही, असं बाबासाहेबांचं मत होतं. त्या खुर्चीतून त्यांनी १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आरक्षण मिळवलं आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्याही आणल्या. ही कारणं खरी आहेत. पण ही कारणं दिली म्हणून शिरीषकुमारच्या छातीतली गोळी बाहेर निघत नाही. एका सरकारात बसलेल्या माणसाच्या कामाचं श्रेय आपण घेतो, तर त्या सरकारच्या गोळीबाराचा प्रश्नही आपण ऐकून घेतला पाहिजे.

मग निवाडा कशाने करायचा? आमचं म्हणणं असं की, बाबासाहेबांच्याच मापाने करायचा.

२५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आपण सगळे सांगतो. रक्तरंजित मार्ग सोडा, सत्याग्रह आणि कायदेभंगही सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे, हा भाग तर आता आंदोलन मोडायला निघालेले अधिकारीसुद्धा ऐकवतात. पण त्याच ठिकाणी बाबासाहेबांनी घातलेली अट कोणी ऐकवत नाही. जेव्हा संविधानिक मार्ग शिल्लकच नव्हते, तेव्हा त्या इतर मार्गांना बरंचसं समर्थन होतं, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आता मार्ग मोकळे झाले आहेत, म्हणून ते सोडायचे. याचा अर्थ असा की आंदोलनाचा न्याय करताना आधी बघायचं, मार्ग उघडा होता की बंद.

हे माप नंदुरबारला लावून बघा. पंधरा वर्षांच्या पोराला मत नव्हतं. सभेला बंदी, मिरवणुकीला बंदी, बातमीला बंदी. संघराज्य न्यायालयाने केशव तळपदे यांच्या खटल्यात एप्रिल १९४३ मध्ये स्थानबद्धतेचा नियमच बेकायदा ठरवला, तर सरकारने वटहुकूम काढून तो मागच्या तारखेपासून कायदेशीर करून घेतला. म्हणजे कोर्टाचा दरवाजा उघडला की मागून भिंत बांधायची. अशा राज्यात झेंडा घेऊन चौकात उभं राहणं हा त्या पोराच्या हातातला शेवटचा शब्द होता. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी 'चले जाव'ला विरोध केला, हे खरं. पण १९४९ मध्ये त्यांनीच दिलेल्या मापात नंदुरबारची पोरं निर्दोष सुटतात. आमच्या मते बाबासाहेबांचं मोठेपण यात आहे की त्यांनी दिलेलं माप त्यांच्या विरोधकाच्या पोरालाही न्याय देतं.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितलं, शिरीषकुमार आपला आहे. तो कुठल्या जातीचा, कुठल्या पक्षाच्या झेंड्याखाली, हा प्रश्न नंतरचा. निःशस्त्र माणसाने बोलावं आणि त्याला बंदुकीने उत्तर मिळू नये, हा आपला पहिला मुद्दा. महाडला आणि काळारामाच्या दारात आपण याच हक्कावर उभे होतो. अनुच्छेद १९ मध्ये भाषणाच्या स्वातंत्र्यालगतच निःशस्त्र आणि शांततेने जमण्याचा हक्क येतो, तो असाच आलेला नाही.

आता पुढचा भाग कडू आहे. इंग्रज गेले, वटहुकूम गेला का? १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी, संसदेने आसाम आणि मणिपूरसाठी सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा केला. लोक त्याला 'अफ्स्पा' म्हणून ओळखतात. १९४२ च्या वटहुकमाचं हे वारसदार पोर. फरक एवढाच की इंग्रजांनी किमान कॅप्टनचा लेखी हुकूम मागितला होता, आपल्या कायद्याने जीव घेण्याइतपत बळाचा अधिकार हवालदारासारख्या खालच्या हुद्द्यापर्यंत नेला. खटल्याला केंद्राची परवानगी लागण्याची तरतूद मात्र जशीच्या तशी. नोव्हेंबर २००० मध्ये मणिपूरच्या मालोम गावी बसथांब्यावरची दहा माणसं मारली गेली, तेव्हा इरोम शर्मिला अठ्ठावीस वर्षांची होती. तिने उपोषण सुरू केलं, ते ऑगस्ट २०१६ ला सोडलं. सोळा वर्षं नाकातल्या नळीने तिला जिवंत ठेवलं गेलं. तिने दगड उचलला नव्हता. तिने फक्त जेवण नाकारलं होतं.

इथेही प्रामाणिक राहू. संविधानातही बोलण्यावरच्या मर्यादा आहेत आणि बाबासाहेबांनी त्यांचं समर्थन केलं आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता अनुच्छेद २२ मध्ये आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचं कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनीही संसदेत समर्थन केलं, आणि तिने 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण अनुच्छेद १९ मध्ये आणलं. पण त्याच दुरुस्तीने बंधनांआधी 'वाजवी' हा शब्दही घातला. त्या एका शब्दामुळे बंधन वाजवी की गैरवाजवी, हे कोर्ट तपासू शकतं. राजद्रोह हा शब्द तर संविधान सभेने १९४८ मध्येच मसुद्यातून काढून टाकला होता. तरी दंडसंहितेत तो राहिलाच, ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये तो नवे कपडे घालून पुन्हा आला. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातल्या बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेला आणि लिहिलेला शब्दही येतो. वारसा चालू आहे.

आणि हा वारसा आपल्या सीमेबाहेरही गेला आहे. बौद्ध म्हणून आम्हाला म्यानमारबद्दल बोलणं भाग आहे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, त्यामुळे तिथली दंडसंहिता आपल्या जुन्या दंडसंहितेची सख्खी बहीण आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या सेनापतींनी सत्ता बळकावली आणि दोन आठवड्यांत त्याच संहितेत ५०५-अ हे नवं कलम घुसवलं. सरकारविरुद्ध लिहिलं, बोललं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. निदर्शनात डोक्याला गोळी लागलेली म्या त्वे त्वे खाइंग वीस वर्षांची होती. मंडालेची ज्याल सिन एकोणीसची. दोघी नंदुरबारच्या पोरांच्या बहिणी शोभतात.

हे सेनापती स्वतःला बौद्ध म्हणवतात. १ ऑगस्ट २०२३ ला त्यांच्या प्रमुखाने राजधानीत प्रचंड मोठ्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब याच देशात, रंगूनला, जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्या भूमीत आज बुद्धाच्या मूर्तीआड बंदूक उभी आहे. आपण विहारात बसून 'तो आपला धम्मबांधव' म्हणून गप्प राहणार का? शिरीषकुमार परक्या जातीचा म्हणून दूर ठेवायचा आणि सेनापती आपल्या धर्माचा म्हणून जवळ करायचा, हे चालणार नाही. राज्य गोऱ्याचं असो, काळ्याचं असो, निळ्या झेंड्याचं असो की बुद्धाच्या नावाचं असो, माप एकच.

शेवटी आपल्या दारातली गोष्ट. तालुक्यातल्या एका गावात बारावीच्या एका पोराने गावच्या पाण्याच्या टाकीबद्दल मोबाइलवर स्टेटस ठेवलं. चार ओळी. शिवी नाही, जात नाही, धर्म नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाला बोलावणं आलं. गुन्हा दाखल झाला नाही, कागद झाला नाही, नुसतं समजावून सांगितलं. बाप केळीच्या बागेत रोजंदारी करतो. त्याची रोजी बुडाली. घरी येऊन त्याने पोराचा मोबाइल काढून घेतला. पोरगं अजून अभ्यासिकेत येतं, पण चर्चेला बसत नाही. मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसतं.

त्याला गोळी लागलेली नाही. पण गोळीने जे साधायचं असतं ते साधलं आहे. आणि आम्ही सगळे, ज्यांनी फळ्यावर पाच नावं लिहिली, त्या दिवशी त्याच्या बापाबरोबर गेलो नव्हतो. आम्हाला उशिरा कळलं, हे खरं. पण कळल्यावरही दोघा-तिघांनी 'कशाला वाढवायचं' म्हटलं, हेही खरंच.

म्हणून आता आम्ही ठरवलं आहे. बोलल्याबद्दल किंवा लिहिल्याबद्दल तालुक्यातल्या कोणत्याही पोराला, पोरीला बोलावणं आलं, तर ते पोर कुठल्या वस्तीचं आहे हे न विचारता आमच्यातले दोन जण सोबत जातील. बोलावणं लेखी मागतील. कलम विचारतील. सोबत संविधानाची प्रत असेल. यात कायदेभंग काही नाही. बाबासाहेबांनी उघडून दिलेला मार्ग बंद पडू नये म्हणून त्यावर चालत राहणं, एवढंच आहे. जे सत्तेत आहेत त्यांनाही आमचं सांगणं आहे, रस्त्यावर येऊ नका असं आम्हाला बजावायचा अधिकार तुम्हाला तोवरच आहे, जोवर बोलायचा मार्ग तुम्ही उघडा ठेवता.

येत्या ९ सप्टेंबरला आम्ही भुसावळहून गाडीने नंदुरबारला जाणार आहोत. पाच जणांच्या स्मारकाला फूल वाहू. मागच्या बाकावरच्या त्या पोरालाही विचारलं आहे. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.

जयभीम.